पेशी ताब्यात कशी घ्यावी? (होतकरू विषाणूंसाठी)

प्रथम आपली ऐपत ओळखावी. तुम्ही एचपीव्ही-१६, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार; तुमच्याकडे डीएनएच्या जेमतेम आठ हजार अक्षरजोड्या. त्याच्या नकला काढायची पुरेशी यंत्रणा नाही, कच्चा मालही नाही. दोन्ही पेशीकडे असतात, पण विभाजनाची वेळ आल्याशिवाय ती ते बाहेर काढत नाही. म्हणजे पोळी परक्याच्या तव्यावर भाजायची, आणि चूलही त्यालाच पेटवायला लावायची.

गर्भाशयमुखाच्या अस्तरात बारीकसा ओरखडा हेरून तळच्या थरात शिरावे. तिथल्या पेशी वर सरकू लागल्या की विभाजनातून निवृत्त होतात. त्यांना पुन्हा जुंपायला ई७ हे प्रथिन काढावे. पेशीत आरबी नावाचे प्रथिन ई२एफ या नकलेची सुरुवात करून देणाऱ्या प्रथिनाला मुठीत धरून बसलेले असते. ती मूठ सुटेपर्यंत डीएनएची नक्कल सुरू होत नाही. रीतसर मार्ग असा की पेशीची सायक्लिन आणि सीडीके ही प्रथिने आरबीवर फॉस्फेट चढवतात, मग मूठ सैल होते. तुम्ही त्या भानगडीत पडू नये. ई७ने थेट आरबीला धरावे आणि त्याची विल्हेवाट लावावी. पेशी बिचारी सीडीकेला आवरायला पी१६ या प्रथिनाचा साठा वाढवत बसते. पण आरबीच उरला नाही, तर सीडीकेला आवरून काय होणार? (जपून मात्र. पॅथॉलॉजिस्ट हेच पी१६ रंगवून तुमचा माग काढतात.)

नवशिके गाफील राहतात ते इथे. अवेळी सुरू झालेल्या नकलेने पी५३ हा पेशीचा पहारेकरी जागा होतो. तो विभाजन रोखतो, नाहीतर पेशीला आत्मघात करायला लावतो. त्याच्या बंदोबस्तासाठी तुमचे दुसरे प्रथिन, ई६. त्याने स्वतःचे हात मळवू नयेत. पेशीचेच ई६एपी हे प्रथिन हाताशी धरून पी५३वर युबिक्विटिनची चिठ्ठी डकवावी आणि पेशीच्याच प्रोटिॲसोमकडून त्याचा भुगा करून घ्यावा.

ताकीद एकच: आपले ई२ हे जनुक जपावे, कारण ई६-ई७ला लगाम त्याचाच. तुमचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात अडकला की बहुधा ई२च तुटते, आणि उधळलेली पेशी कर्करोगाच्या वाटेला लागू शकते. त्यात तुमचा छदामाचा फायदा नाही. बाल्टिमोरमध्ये १९५१ साली वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या हेला पेशी प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांत एचपीव्ही-१८ बंधूंच्या डीएनएचे तुकडे आहेत, नवा विषाणू एकही निघत नाही.

ही पुस्तिका चुकून माणसाच्या हाती पडलीच तर: एचपीव्हीची लस विषाणूला शिरण्याआधी अडवते, शिरलेल्याला हुसकत नाही. म्हणून ती मुलींना शक्यतो ९ ते १४ या वयात द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२मध्ये मान्यता मिळाली आहे. आणि तिशी ओलांडलेल्या बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये.