हरित घराची फाईल : बांधणी, मांडणी आणि निगा

हरित घराचे दोन भाग असतात : फाईल आणि घर. प्रमाणपत्र फाईलीला मिळते. घर हे तिचे जोडपत्र. हे सुरुवातीलाच मनावर ठसले नाही, तर अर्जदार भिंतीची जाडी, खिडकीची दिशा असल्या किरकोळ बाबींत गुंतून पडतो आणि सिमेंटच्या चलनांच्या सत्यप्रती गोळा करायच्या राहून जातात.

फाईल कोणाच्या दारी न्यायची, हे आधी ठरवावे. या व्यवहाराचा आरंभ ब्रिटनचा. तिथे १९९० साली ‘ब्रीॲम’ ही इमारतींच्या मानांकनाची पद्धत आली. अमेरिकेत १९९३ मध्ये ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली आणि १९९८ मध्ये तिने ‘लीड’ या आपल्या मानांकनाची प्रायोगिक आवृत्ती काढली. भारतात उद्योजकांच्या ‘सीआयआय’ या महासंघाने २००१ साली आयजीबीसी ही परिषद उभी केली. त्याच महासंघाच्या हैदराबादमधील सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीला ‘लीड’चे प्लॅटिनम मिळाले आणि २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ‘टेरी’ संस्थेने घडवलेली ‘गृहा’ ही पद्धत केंद्र सरकारने २००७ साली राष्ट्रीय म्हणून स्वीकारली. याशिवाय जागतिक बँक समूहाची ‘एज’ आहे. तिची मागणी त्यातल्या त्यात सुटसुटीत : वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यात मुरलेली ऊर्जा, तिन्हींत नेहमीच्या बांधकामापेक्षा किमान २० टक्के बचत.

‘गृहा’ तारे देते, आयजीबीसी आणि ‘लीड’ धातू देतात. हा फरक वरवरचा समजू नये. तारे आधीच फ्रीजवर आणि एसीवर चिकटलेले असतात. त्यामुळे पाच तारे म्हटले की गिऱ्हाइकाला वीजबिल आठवते आणि प्लॅटिनम म्हटले की दागिना. विक्री कशावर होते, हे सांगायला नको. ज्यांना गुणांची धास्ती वाटते त्यांनी ‘गृहा’ची २०१५ ची आवृत्ती पाहावी. तीत २५ गुणांना एक तारा होता आणि ८६ पासून पुढे पाच. दहावीला ३५ लागतात. अडीच हजार चौरस मीटरपर्यंतच्या लहान बांधकामांसाठी ‘स्वगृहा’ हा धाकटा अवतार आहे : १४ निकष, ५० गुण. बंगलेवाल्यांनी इकडे वळावे; तिथे फाईल पातळ असते.

यानंतरची पायरी पूर्वप्रमाणपत्राची. नकाशे आणि वचने पाहून, घर उभे राहण्याआधीच हे मिळू शकते. पूर्वप्रमाणपत्र म्हणजे साखरपुडा. पेढे वाटले जातात, फोटो निघतात, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हिरवे पान छापले जाते. लग्न, म्हणजे बांधकाम पुरे झाल्यावरची प्रत्यक्ष तपासणी, पुढे व्हायचे असते. तोवर सगळे फ्लॅट विकले गेले असतील, तर मुलाकडच्यांचा उत्साह ओसरलेला दिसतो. घर घेणाऱ्याने माहितीपत्रकातला ‘पूर्व’ हा शब्द शोधावा. तो असतो, फक्त भिंग लागते.

खर्चाचा प्रश्न इथे निघतोच. त्याचे उत्तर महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या या नियमावलीनुसार ‘गृहा’चे तीन, चार किंवा पाच तारे, अथवा त्यांच्या बरोबरीचे रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम मिळवणाऱ्या इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. म्हणजे कमी सिमेंट, कमी वीज आणि कमी पाणी वापरण्याची हमी देणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी बांधायची परवानगी. दहा हजार चौरस मीटरच्या प्रकल्पात सात टक्के म्हणजे सातशे चौरस मीटर, सत्तर-सत्तर मीटरचे दहा फ्लॅट. या दहा कुटुंबांचे पाणी, पार्किंग आणि कचरा मूळ हिशेबात बसवायचा असतो. तो बसतो, फाईलीत सगळे बसते. उपवासाच्या दिवशी जेवणापेक्षा फराळच भारी होतो, त्यातलाच हा प्रकार, आणि त्यात गैर असे काही नाही : उपवास मोडलेला नसतो.

गुण कसे वेचावेत, याचा परिपाठ ‘लीड’च्या जुन्या आवृत्त्यांनी घालून दिला. प्रकल्पावर ‘लीड’ची परीक्षा पास झालेला एक माणूस नेमला की एक गुण. सायकली लावायला जागा दिली तरी एक गुण; निवासी इमारतीत १५ टक्के रहिवाशांपुरते आच्छादित सायकलस्थान पुरे. आठशे किलोमीटरच्या आत निघालेले आणि तयार झालेले साहित्य ‘स्थानिक’. अमेरिकेच्या पसाऱ्यात हे अंतर वाजवी असेल, पण पुण्यात कंपास रोवून वर्तुळ काढले तर बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि भोपाळ ही सगळी घराशेजारची गावे ठरतात. एखाद्या शहाण्याने मागच्या डोंगरातला दगड वापरला, तर त्याला त्या ओळीत बंगळुरूच्या मालाहून जास्त काही मिळत नसे. सायकलस्थान तिसऱ्या तळघरात द्यावे. तिथे ते आच्छादित असते, सुरक्षित असते आणि तिथपर्यंत सायकल उतरवणे कोणालाच जमत नसल्याने कायम स्वच्छ राहते.

आता घराविषयी थोडेसे, कारण जोडपत्राशिवाय फाईल पुरी होत नाही.

केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ काढली. थंड प्रदेश सोडता इतरत्र भिंती आणि खिडक्या यांच्यातून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या वर जाऊ नये, असे ती सांगते. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या एक-षष्ठांश हवे, असेही सांगते. ‘उघडता येणाऱ्या’ हे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. सरकत्या काचांची खिडकी भिंतभर असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. हिशेबात निम्मीच धरावी लागते. दोन्ही पाखे सताड उघडणारी जुनी खिडकी इथे सरस ठरते. पण ती सॅम्पल फ्लॅटमध्ये शोभत नाही, पडद्याला अडते, आणि तिला गज लागतात.

पश्चिमेची भिंत हा या शास्त्राचा गाभा आहे, आणि म्हणूनच तो कोणाला फारसा आवडत नाही. दुपारी तीननंतर ऊन तिरपे येते. वरचा छज्जा दोन फुटांचा असो वा तीन, ते त्याच्या खालून शिरते. आतून लावलेला जाड पडदा उजेड अडवतो, ऊन नव्हे : काचेतून आत आलेली उष्णता पडद्याला तापवते आणि खोलीतच राहते. तिला काचेच्या बाहेरच अडवावे लागते. त्यासाठी बाहेरून लावलेली बांबूची चिक, भिंतीला काटकोनात उभे पंख, खोल गॅलरी, किंवा त्या बाजूला न्हाणीघर, जिना, कोठीची खोली ढकलणे, असे उपाय आहेत. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा लागतो, हे भलेभले विसरतात. या उपायांना यंत्र लागत नाही, वार्षिक देखभाल करार लागत नाही आणि कमिशनही सुटत नाही. त्यामुळे चर्चेत ते मागे पडतात आणि त्यांच्या जागी बाहेरून आणलेली, लेप दिलेली दुहेरी काच येते. काचेबरोबर चाचणी अहवाल येतो. कोठीच्या खोलीचा चाचणी अहवाल कुठे मिळणार?

गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घालावी. गुजरात-महाराष्ट्रात ही रीत जुनीच आहे. आता तिला सौर परावर्तन निर्देशांक म्हणतात आणि गुण मिळतात.

पाण्याच्या प्रकरणात हिशेब थेट असतो. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी घराचे नेहमीचे प्रमाण. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होतो असे धरावे. जुनी दहा लिटरची टाकी दोनशे लिटर नेते. सहा आणि तीन लिटरची दुहेरी टाकी, चार मोठे आणि सोळा छोटे या बेताने, बहात्तर लिटर. फरक १२८ लिटरचा, जवळजवळ एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याएवढा. नळाच्या तोंडाशी हवा मिसळणारी जाळी बसवली की आणखी फरक पडतो. ही जाळी इतकी स्वस्त आहे की तिच्यावर सादरीकरण करता येत नाही. पावसाचेही तसेच : एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर मीटरच्या गच्चीवर वर्षाला सातशे मिलिमीटर पडला आणि वीस टक्के वाया गेला, तरी छप्पन हजार लिटर उरतात. खड्डा खणून, खडी-वाळू भरून हे पाणी जमिनीत सोडायचे. फाईलीसाठी खड्ड्याचा फोटो भरण्यापूर्वीच काढावा, कारण भरल्यानंतर तो नुसत्या जमिनीसारखा दिसतो. काही ठिकाणी तो आधीपासूनच नुसत्या जमिनीसारखा दिसतो.

सौर विजेबाबत गच्चीला विचारावे. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर लागतात आणि रोज सरासरी चार युनिट वीज मिळते. बंगल्याला हे गणित उत्तम जमते. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटपासून पुढे ७८ हजार रुपये अनुदानही आहे. वीस मजली, ऐंशी फ्लॅटच्या मनोऱ्याची गच्ची मात्र चारशे मीटरची. ती सगळी मोकळी धरली तरी चाळीस किलोवॉट, म्हणजे फ्लॅटमागे रोज दोन युनिट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि पार्टी लॉन वजा केल्यावर उरलेल्या विजेवर जिन्यातले दिवे लागतात. माहितीपत्रकात याला ‘सौर ऊर्जेवर चालणारी वसाहत’ म्हणतात. जिना वसाहतीतच असतो.

झाडांविषयी राज्याचा कायदा २०२१ मध्ये बदलला : पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपे. चाळीस वर्षांच्या आंब्यापोटी चाळीस रोपे आली. आवारात उरलेल्या जागेत तळघराच्या स्लॅबवर दीड फूट माती असते. तिच्यात चाळीस रोपे शिस्तीत उभी राहतात आणि फोटोत दाट दिसतात. यावरून झाडाचे वय ठरवणाऱ्याचे महत्त्व लक्षात यावे. एकोणपन्नास हे झाडांचे सर्वांत सोयीचे वय होय.

जुन्या घराचे नूतनीकरण हा वेगळा अध्याय असायला हवा, पण तो लहान आहे. धडधाकट फरशी फोडावी, राडारोडा नदीकाठी टाकला जाऊ नये म्हणून नियमांनुसार अधिकृत केंद्रावर पाठवावा, आणि तिच्या जागी पुनर्वापरित घटक असलेली हरित फरशी बसवावी. फोडली नसती तर नव्या फरशीची, सिमेंटची आणि ट्रकच्या डिझेलची पूर्ण बचत झाली असती, ही शंका कारागिरासमोर काढू नये. आहे ते टिकवण्याला काही पद्धतींत गुण आहेत, पण न केलेल्या कामाचे बिल जोडता येत नाही. बंद खोलीत डोळे चुरचुरवणारी रसायने कमी असलेला रंग मात्र खरोखर घ्यावा. लहान मुलांच्या घरात त्याचा फायदा नाकाला कळतो. शंभर वर्षांचा वाडा प्रमाणपत्राला पाठवू नये. पांढऱ्या मातीच्या भिंती दोन हात जाड, मध्ये चौक, उन्हाळ्यात माजघर गार, हे सगळे खरे. पण चौकाचा संगणकीय नमुना कोणी केलेला नसतो आणि पांढऱ्या मातीचा पुरवठादार जीएसटी क्रमांक देऊ शकत नाही.

ताबा मिळाल्यावर फाईल कपाटात जाते आणि घर रहिवाशांकडे येते. त्याबरोबर सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र आणि खताचे यंत्रही येते. ही यंत्रे चालवण्यासाठी वीज, माणूस आणि नाक लागते. वसाहतीच्या वार्षिक सभेत त्यांचा विषय जेवणापूर्वी घेऊ नये. पुण्यात सौर ऊर्जा, पर्जन्यजल साठवण, गांडूळखत यांसाठी महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते, पण हे प्रकल्प चालू असतील तर. त्यामुळे तपासणीच्या दिवशी गांडुळे हजर असावीत, अशी व्यवस्था सेक्रेटरींनी करावी.

बांधून झाल्यावर इमारत खरोखर किती वीज खाते, हा प्रश्न अमेरिकेतही निघाला. २००८ मध्ये ‘लीड’ मिळालेल्या १२१ इमारतींची पाहणी झाली. सरासरी बरी निघाली, पण काही इमारती अंदाजाहून खूप चांगल्या, तर काही साध्या इमारतींहून वाईट. पुढच्याच वर्षी ओबरलिन कॉलेजच्या जॉन स्कोफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने तेच आकडे मांडून बचतीच्या दाव्यालाच हरकत घेतली. वाद घालणाऱ्यांजवळ वीजबिले होती, हे त्यातले विशेष.

‘गृहा’चे मानांकन पाच वर्षे चालते; मग नूतनीकरण. त्याला पुन्हा फाईल लागते. मूळ फाईल सल्लागाराकडे असते, सल्लागाराचे कार्यालय हललेले असते, आणि माजी सेक्रेटरी मुलाकडे परदेशी गेलेले असतात. तोवर प्रवेशद्वाराशी लावलेली पाटी काढू नये. तिच्यावर तारीख बारीक अक्षरात असते. पाटी पितळेची असल्यास आठवड्यातून एकदा पुसावी, कोरड्या फडक्याने. पाणी वाचते.