तालीम घ्या, हिशेब द्या

वर्षअखेर जवळ आली की मोठ्या कंपन्यांना कलावंत आठवतात. पंचतारांकित हॉटेलात मेळावा ठरतो. सकाळच्या सत्रात एखाद्या नटाला बोलावून व्यवस्थापकांना ‘क्रिएटिव्हिटी’ शिकवली जाते: गोल करून उभं राहा, दीर्घ श्वास घ्या, शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघा. संध्याकाळी त्याच सभागृहात गायिका गात असते आणि समोर ताटल्या-चमच्यांचा खडखडाट चालू असतो. मानधनाचा विषय निघाला की कार्यक्रम ठरवणारा अधिकारी म्हणतो, ‘आमच्याकडे गायलात तर मोठमोठी माणसं ऐकतील.’ हॉटेलवाल्याला मात्र तो असं काही सांगत नाही. त्याचं बिल पैन् पै चुकतं होतं.

मला याची चीड येते, कारण या दोन जमातींना एकमेकांकडून घेण्यासारखं खूप आहे आणि घेतलं जातं ते सगळ्यात हलकं. व्यवस्थापकाला कलावंताकडून कल्पकता हवी असते. त्याने तालीम घ्यावी. कलावंत व्यवस्थापकाकडून जाहिरातबाजी उचलतो. त्याने हिशेब उचलावा.

व्यावसायिक नाटकाच्या तालमीला एखाद्या व्यवस्थापकाने आठवडाभर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसावं. एकच वाक्य वीसदा म्हटलं जातं. दिग्दर्शक थांबवतो, नट हुज्जत घालतो, दुसऱ्या तऱ्हेने करून दाखवतो, तेही जमत नाही, मग चहा येतो. त्या चुकलेल्या वीस वेळांची नोंद कुणाच्याही फायलीत जात नाही. चुका तालमीतच करून घ्यायच्या असतात, म्हणून तर तालीम. प्रयोगात सहकलाकार वाक्य विसरला तर समोरचा त्याला अलगद सांभाळून घेतो आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. आपल्या कचेऱ्यांत याच्या बरोबर उलट चालतं. नवी योजना सोमवारी जाहीर होते, मंगळवारी थेट ग्राहकाच्या डोक्यावर आदळते आणि शुक्रवारी दोषी कोण याची बैठक भरते. अशा ठिकाणी माणसं नवं काही करून बघत नाहीत. ती फक्त आपलं नाव कुठे येणार नाही याची काळजी घेतात. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार?

आणि तालमीइतकीच पडद्यामागची शिस्त. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली फिरत्या रंगमंचावर आलं. प्रभाकर पणशीकर त्यात एकामागून एक वेगळी सोंगं घेऊन उभे राहत. प्रेक्षक लखोबा लोखंडे बघायचा. पण त्यामागे कपडेपट सांभाळणारा, रंगमंच फिरवणारी माणसं, दिवे सांभाळणारा, दौऱ्यावर तो सगळा पसारा उतरवून पुन्हा उभा करणारे हात होते, आणि प्रत्येकाला आपला क्षण ठाऊक होता. पणशीकर नटही होते आणि पुढे ‘नाट्यसंपदा’चे निर्मातेही. नाटकात व्यवस्थापन कसं चालतं ते समजून घ्यायचं तर पहिल्या रांगेचं तिकीट काढून उपयोग नाही, विंगेत उभं राहावं लागतं.

कला आणि उद्योग यांनी एकमेकांकडून घ्यावं, हे महाराष्ट्राला नवं सांगायला नको होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकार व्हायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, आणि काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांना ब्रश खाली ठेवावा लागला. पेन्सिल मात्र त्यांनी सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवलं, आणि पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी त्याची समजूत होती. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती औंध संस्थानात, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. कारखान्याला जागा देणारा चित्रकार, घेणारा चित्रकलेचा विद्यार्थी. हातात पेन्सिल असलेल्या माणसाला अजून नसलेली वस्तू डोळ्यांपुढे आणता येते, आणि उद्योजकाची निम्मी लढाई तीच असते.

तिथे दुसरं माणूस होतं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे आपले शंवाकि. तेही चित्रकला शिकलेले. कारखान्याच्या जाहिराती त्यांच्याकडे आल्या आणि 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगर-चरकांची माहिती गिऱ्हाइकांना द्यायला निघालेलं ते पत्रक. आज एखाद्या कंपनीचं असं पत्रक आलं तर आपण ते न उघडता रद्दीत टाकतो. शंवाकिंनी त्याचं मासिक केलं. ‘किर्लोस्कर’, 1930 मध्ये ‘स्त्री’, 1934 मध्ये ‘मनोहर’: या तीन मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना विचार करायला लावलं, बायकांच्या हाती लेखणी दिली, बुवाबाजीवर कोरडे ओढले. हे सगळं नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या आवारातून निघत होतं. शंवाकिंना कुणी मेळाव्यात दोन तासांसाठी बोलावलं नव्हतं. त्यांच्या हाती खातं दिलं होतं, पैसा दिला होता आणि निर्णय दिला होता. कलावंताकडून शिकायचं असेल तर त्याला असं घरात घ्यावं लागतं.

आता कलावंतांना चार शब्द. ‘मला हिशेबातलं काही कळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने म्हटलं जातं, आणि ऐकणाराही वा म्हणतो. बालगंधर्वांनी 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. ते दोघे पुढे बाहेर पडले. मग भरजरी पोशाख, अत्तरं, मखमली पडदे, माणसांचा मोठा कबिला, आणि खर्चाला नाही म्हणणारं कुणी नाही. कर्ज झालं आणि अशा गळ्याच्या गायकाची उमेदीची वर्षं ते फेडण्यात गेली. आपण त्या कर्जाच्या गोष्टी कौतुकाने सांगतो. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. एका चांगल्या मुनिमाने मराठी रंगभूमीला आणखी किती दिलं असतं, याचं मला वाईट वाटतं.

1929 मध्ये कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे पाच भागीदार बघा: शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर पडद्याच्या कामातले, आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. सात वर्षांनी त्या कंपनीतून ‘संत तुकाराम’ आला. पैसेवाला भागीदार होता म्हणून कलेचा विटाळ झाला, असं कुणी म्हणेल का?

हिशेबाचा प्रश्न शहरी गायक-नटांचाच आहे असं समजू नका. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, फडमालकांशी बोलतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. फडमालक हा व्यवस्थापनाचं शिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेत व्याख्यान द्यावं अशा योग्यतेचा माणूस असतो. ढोलकीवाला, नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, मजूर, आचारी, ट्रक, तंबू, रोज नवं गाव. आणि पुष्कळदा वगातलं मुख्य कामही त्याचं किंवा तिचंच. पावसाळ्यात खेळ बंद, तेव्हा कलाकारांना जगवायला उचल द्यायची. ती सावकाराच्या पैशातून. आणि हंगामात ती फेडून घ्यायची. सगळा व्यवहार एका हंगामावर तोललेला. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशात टाळेबंदी लागली. यात्रा बंद, सुपाऱ्या रद्द. पुढच्या वर्षीही तेच. उचल आधीच वाटलेली होती आणि सावकाराचं व्याज थांबलं नाही.

या माणसाला कल्पकतेचे धडे कुणी देऊ नयेत, आणि कामाची शिस्त कशी असते हे तर त्याच्याकडूनच शिकावं. त्याच्याकडे नाही ते बँकेचं खेळतं भांडवल, विमा आणि खेळ रद्द झाला तर काय मिळणार हे लिहिलेला कागद. हे तिन्ही कसं मिळवायचं ते कंपन्यांतल्या कोणत्याही बऱ्या हिशेबनिसाला तोंडपाठ असतं. पाडव्याच्या सुमारास कंपनीने असे दोन हिशेबनीस नारायणगावच्या राहुट्यांत पाठवावेत. श्वासाच्या व्यायामापेक्षा दोन्हीकडच्या माणसांना ते अधिक उपयोगी पडेल.

म्हणून या डिसेंबरात कंपन्यांना एवढंच सांगणं आहे: कलावंताला बोलवाल तर करार लेखी करा, निम्मं मानधन आधी द्या, आणि तो गात असताना जेवणं थांबवा. आणि कलावंतहो, तो कागद सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कळला नाही तर विचारा. त्यात लाज नाही.