तेल किलोनेच विका

फराळाचे दिवस जवळ आले की वाण्याकडे तेलाच्या डब्यांची थप्पी लागते. दोन डबे शेजारी शेजारी, दोघांवरही ठळक आकडा 15. एकावर पुढे किलो लिहिलेले, दुसऱ्यावर लिटर. गिऱ्हाईक 15 वाचते, भाव विचारते, स्वस्त तो डबा उचलते आणि तिथेच नुकसानीत जाते.

एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, कुठलेही घ्या, थोडा इकडेतिकडे हाच हिशेब. तेल पाण्यापेक्षा हलके. म्हणून 15 लिटरच्या डब्यात तेल भरते सुमारे 13.65 किलो. समजा, किलोचा डबा 2,400 रुपयांना आहे आणि लिटरचा 2,250 ला. दीडशे वाचले असे वाटते. भागाकार करा: पहिला 160 रुपये किलो, दुसरा जवळजवळ 165. महाग डबा स्वस्त म्हणून घरी आला! पाच लिटरच्या कॅनचेही तेच, आत साडेचार किलोच्या थोडे वर.

वजन बारीक अक्षरात छापलेले असते, हे खरे. पण ठळक आकडा लिटरचा का? कारण नियमाने दोन्ही चालते, आणि लिटरमध्ये आकडा फुगतो.

लिटरमध्ये आणखी एक पळवाट होती. तेल तापले की फुगते; जागा जास्त व्यापते, वजन मात्र तेवढेच राहते. काही कंपन्या पाकिटावर लिटरसोबत तापमान छापत, थेट 60 अंशांपर्यंत. सोयाबीनचे लिटरभर तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरते, 60 अंशांना 893 च्या आसपास. म्हणजे पाकिटात पंचवीसेक ग्रॅम कमी घालूनही कागदावर लिटर पुरा. आपल्या कुठल्या फळीवर तेल 60 अंशांना असते? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट 2022 मध्ये कंपन्यांना बजावले की तापमान छापू नका, मापासोबत खरे वजन छापा. मुदत दिली 15 जानेवारी 2023 पर्यंत. पाऊल योग्यच होते, पण अर्ध्यावर थांबले. लिटर काढूनच टाकायला हवा होता.

स्वयंपाकघरातल्या वाटीशी माझे भांडण नाही. चकलीच्या भाजणीला मोहन वाटीनेच घालावे. पीठही त्याच वाटीने मोजलेले असते, तेव्हा प्रमाण बिघडत नाही. पण फराळ करून विकणाऱ्या बायकांनी हिशेब वजनातच मांडावा. डबा लिटरने आणायचा आणि किलो धरून भाव काढायचा, तर खर्चाचा आकडा चुकतो आणि तो फरक महिनाभराच्या मेहनतीतून जातो. दीडशे मिलीची वाटी म्हणजे सुमारे 137 ग्रॅम तेल, एवढे वहीत लिहून ठेवले तरी पुरे.

आता पाकिटावर एककाची किंमतही छापावी लागते. उत्तम. पण एका पिशवीवर प्रतिग्रॅम आणि दुसरीवर प्रतिमिली असेल, तर दुकानात उभे राहून तुलना कशी करायची? लिटरच्या भावाला 0.91 ने भागा, किलोचा भाव मिळतो. 150 रुपये लिटर म्हणजे 165 रुपये किलो. फोनवर दहा सेकंदांचे काम आहे, पण ते गिऱ्हाइकाने का करावे?

शिवाय वजन तिथल्या तिथे तपासता येते. काटा प्रत्येक दुकानात असतो. पिशवी त्यावर ठेवायला सांगा. लिटरची पिशवी प्लॅस्टिकसकट 910 ग्रॅमसुद्धा भरली नाही, तर छापलेले निव्वळ वजन बघा, आणि त्याहून कमी असेल तर बिल जपून वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. मिली मोजायचे भांडे मात्र कुणी पिशवीत घेऊन बाजारात जात नाही.