मॉन्स्टेरा कांड

आमच्या इमारतीत चोरी झाली. सिडकोतली चार मजल्यांची साधी इमारत, सोळा फ्लॅट, एक वॉचमन आणि गॅलरी-गॅलरीत उभे जिवंत सीसीटीव्ही, तरी झाली. सोनंनाणं गेलं नाही, कुणाच्या गाडीतलं पेट्रोलही गेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची जिन्यातली कुंडी होती, तिच्यातली मॉन्स्टेराची कांडी गेली. वीतभर, दोन पानांची.

हसू नका. त्या रोपाची किंमत वहिनींनी घरात एक सांगितलीय आणि भिशीत दुसरी, आणि दोन्ही खोट्या आहेत.

चोर इमारतीतलाच, यावर पहिल्या तासातच एकमत झालं. नवखा माणूस नुसतं पान ओढून नेतो आणि पेल्यात ठेवून महिनाभर त्याच्याकडे बघत बसतो. पान पिवळं पडतं, कुजतं, संपतं. मुळं फुटायला पानासोबत खोडाचा पेर लागतो. त्यावर हवेत लोंबणारं एखादं मूळ असेल तर दुधात साखर. इथे पेराच्या बरोबर खाली कात्री चालली होती. तिरकी, बरोबर पंचेचाळीस अंशांत, जणू कंपासपेटी घेऊनच कुणी बसलं होतं. वॉचमनने हात वर केले. "रातच्याला कोणीबी आलं नाही ताई. दिवसा समदेच कात्र्या घेऊन फिरायलेत, मी कोणाकोणाला धरू?"

खरंच आहे त्याचं. लॉकडाउनमध्ये लोकांनी केक केले, सोडले. ओरिगामी केली, सोडली. झाडांचं हे खूळ तेवढं राहिलं आणि वाढलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांना भोकं पाडून टोमॅटो लावतात. त्यांच्या समोरच्या दारी दुधाच्या पिशव्यांत मेथी. एकीने सिंकखालच्या कपाटात अळिंबीची पिशवी टांगलीय आणि ती पाहुण्यांना कपाट उघडून दाखवते. तळमजल्यावरच्या सुनेने बेडरूमभर स्नेक प्लांट मांडले, रात्री ऑक्सिजन मिळतो म्हणून. त्याला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात हे तिने कौतुकाने घरात सांगितलं, आणि त्या दिवसापासून कुंड्या बाहेर पॅसेजमध्ये आहेत. तसंही, झाडं घरातली हवा शुद्ध करतात हा सगळा डंका १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत झाडं ठेवून केलेल्या प्रयोगाचा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच दोघा संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, की घरात एरवी जेवढी हवा खेळते तेवढी शुद्धी झाडांकडून करून घ्यायची तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटला कमीत कमी सहाशे कुंड्या. माणसांनी मग पॅसेजमध्ये झोपायचं.

चोरीबद्दल मात्र मी फार तोंड उघडत नाही. माझ्या स्वयंपाकघरातला मनी प्लांट कुणाच्या ओट्यावरून आला, हे मला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक नाही. मनी प्लांट चोरूनच आणावा, विकतचा लाभत नाही, ही सोय आपल्याकडे कुणी चतुर बाईने आधीच करून ठेवली आहे. आणि मोठ्यांच्या चोऱ्या तर इतिहासात छापून येतात. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीसकट काचेच्या बाटलीत बंद केला. त्या मातीत आपसूक नेच्याचं रोप उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या. त्याच पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चिनी वेष करून चीनमधली चहाची हजारो रोपं ईस्ट इंडिया कंपनीसाठी पळवली आणि हिमालयाच्या उतारावर लावली. आसामचा चहा मूळचा इथलाच, ते सोडा. पण वीतभर कांडीसाठी सभा बोलावणाऱ्या वहिनींनी त्या सभेला दार्जिलिंगचा चहा द्यावा, याला काय म्हणायचं?

हे सगळं पुण्या-नाशकात चाललं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पण हे संभाजीनगर आहे. इथे नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि लग्नाची तारीखसुद्धा पाण्याचा दिवस बघून काढतात. पैठणला जायकवाडीचा नाथसागर पसरलाय आणि आम्ही पन्नास किलोमीटरवर ड्रमांची झाकणं उघडून वाकून बघतोय. २०२० च्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं, तेव्हा वहिनींकडे एक तुळस होती. आता छप्पन्न कुंड्या आहेत. आणि हौस तरी कशाची? मॉन्स्टेरा मेक्सिको-पनामाच्या ओल्या जंगलातला. त्याला मे महिन्यात बेचाळीस अंशांत, कूलरच्या शेजारी उभा करायचा आणि वर त्याच्या पानांवर फवारा मारायचा. घरच्या माणसाला अंघोळीला एक बादली, मॉन्स्टेराला दिवसातून तीनदा तुषार!

पाण्याच्या चोऱ्या मग ओघानेच आल्या. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, सगळ्याची पळवापळवी. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी आधी लोकांनी आनंदाने कुंड्यांना घातलं. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे पानांची टोकं जळाली. मग सगळ्यांच्या नजरा एसीच्या नळीकडे वळल्या. ते पाणी बिनक्षाराचं, झाडांना मानवणारं. चौथ्या मजल्याचा एसी, त्याची नळी भिंतीवरून खाली जाते. तिसऱ्या मजल्याने तिच्यात टी बसवली. दुसऱ्याने खाली बादली लावली होती, ती कोरडी पडली. पहिला मजला तर टाहो फोडायला लागला, आमच्या हक्काचं पाणी वरच्यांनी अडवलं!

हे भांडण मराठवाड्यातल्या माणसाला नवीन नाही. वर नाशिक-नगर, खाली जायकवाडी. २००५ च्या कायद्यातलं समन्यायी पाणीवाटप, मेंढेगिरी समितीने घातलेलं पासष्ट टक्क्यांचं गणित, सगळं बँकवाल्या काकांना तोंडपाठ. त्यांनी सभेत सरळ मागणी केली, खालच्या बादलीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्यांनी विसर्ग करावा. मंजूर झाली. पंचाईत अशी, की आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एसीतून पाणी गळतंच थोडं. जुलैत बदाबदा गळतं, तेव्हा ते कुणालाच नको असतं.

माती तर विचारूच नका. शेजारच्या मुलाची फुलंब्रीकडे चार एकर काळी जमीन, आणि याने ऑनलाइन पाच किलो माती मागवली. माती म्हणजे कोकोपीट, नारळाचा भुसा, विटेसारखा दाबलेला. वडील गावाहून आले, त्यांनी कुंडीत बोटं घातली, वास घेतला आणि म्हणाले, "ही कुठली माती रे? भुस्सा हाय हा. पैसे मोजलेस?" पुढच्या खेपेला त्यांनी एसटीतून अर्धं पोतं काळी आणली. मुलाने वडिलांचा मान ठेवून तिच्यात गुलाब लावला. काळी माती ओली झाली की चिखलून बसते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. रानात मुळांना खोल जायला वाट असते, दहा इंची कुंडीत कुठली वाट? गुलाब पंधरा दिवसांत गेला. वडील म्हणतात पाणी चुकलं, मुलगा म्हणतो माती चुकली. सूनबाई कुणाकुणाला ऐकवते, "शेती सोडून फ्लॅट घेतला, आता फ्लॅटमध्ये शेती करायलेत." त्याच वडिलांनी मग बाथरूममध्ये जीवामृत घातलं. शेण, गोमूत्र, गूळ, मूठभर माती आणि बेसन. गूळ गेला त्याचं काही नाही, पण घरात पिठल्यापुरतं बेसन उरलं नाही आणि चौथ्या दिवशी नणंदेला बघायला माणसं यायची होती. उदबत्तीचे तीन पुडे संपले म्हणे. माझ्या कानावर आलं ते सांगितलं, मी काही वास घ्यायला गेले नव्हते. गेले होते, पण दारापर्यंतच.

या सगळ्या नादात एकच माणूस शुद्धीवर होता. आमचे सेक्रेटरी. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, आयुष्य ड्रॉइंग बोर्डवर गेलेलं. फळ्यावर त्यांनी नोटीस लावली: गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच्या हिशेबाने बांधतात, फूटभर ओल्या मातीचं वजन पाचशेच्या घरात जातं, सबब गच्चीवरचे मेथीचे वाफे तत्काळ हटवावेत. कुणी हटवले नाहीत. मग त्यांनी सभेत शहरातल्या जुन्या पाणचक्कीचं उदाहरण दिलं. तिथला मोठा हौद खालच्या दालनाच्या छतावर आहे, हौदाचा तळ तेच दालनाचं छत, आणि दालन उन्हाळ्यात गारेगार. "तेव्हाच्या लोकांनी डोक्यावर तळं पेललं, आणि तुमच्या मेथीने माझ्या हॉलचं प्लास्टर पाडलं!" असं बोलून ते तडक उठून गेले. झाडांचं नाव काढलं तरी चिडतात, असा त्यांचा लौकिक झाला.

परवा रात्री पावणेतीनला पाणी आलं. वॉचमनची शिट्टी, मग मोटारींची घरघर, मग एकेक करून सगळे दिवे. सगळी इमारत गाऊन आणि बनियनमध्ये उभी. ड्रम भरायच्या आधी जो तो मग घेऊन गॅलरीत. मी डक्टकडच्या खिडकीत बादली लावायला वळले, तर समोर सेक्रेटरींच्या बाथरूमचा दिवा लागलेला. खिडकीच्या कट्ट्यावर लोणच्याची काचेची बरणी. तिच्यात पांढरीशुभ्र मुळं, बोटभर लांब. वर दोन ओळखीची पानं, आणि त्यांच्यामधून वळकटीसारखं तिसरं बाहेर येत होतं. सेक्रेटरी वाकून मगाने थेंब थेंब पाणी सोडत होते, आणि काहीतरी पुटपुटत होते.

"काका," मी हळूच म्हटलं, "पाणी चार-पाच दिवसांनी बदलत जा."

ते दचकले. बरणीसमोर सरकून उभे राहिले. "कशाचं?"

"लोणच्याचं."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, ओट्याकडे गेली. "मनी प्लांट छान वाढलाय तुमचा," ते म्हणाले. "पहिल्या मजल्यावर अगदी असाच होता."

मी बादली नळाखाली सरकवली. उद्या सभा आहे, वहिनींनीच बोलावली आहे. आम्ही दोघंही वेळेवर जाणार आहोत.