निसर्गाशी नातं, सकाळी ६ ते ९

साक्रीसारख्या गावात फुलबाग करायची म्हटली की आराखडा तयारच असतो. आधी पेव्हर ब्लॉक, मग 'आय लव्ह साक्री'ची अक्षरं, मग फायबरचं हरीण. उरलेल्या जागेत लॉन. त्याच्यासाठी उन्हाळ्यात टँकर. फुलं सगळ्यात शेवटी, पैसे उरलेच तर. तीही कुंडीसकट आणलेला पेटुनिया. तो उद्घाटनापर्यंत तग धरतो; खान्देशातल्या मे महिन्याशी त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते.

इकडे फाल्गुनात पळस पेटतो, माळावर तरवड पिवळाधमक होतो, पश्चिमेकडच्या पाड्यांवर बायका पहाटे मोहाची फुलं वेचतात. यांना ना टँकर लागतो ना ठेकेदार. मग बिल कशाचं लावायचं? तामण राज्यफूल असल्यामुळे त्याचं चित्र मात्र फलकावर येईल.

अशा आपोआप येणाऱ्या फुलांची 'व्यवस्था' लावली की काय होतं, त्याला साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण आहेच. २०१२ साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशात गेलं. फुलं वाचवायला तारेचं कुंपण आलं, गुरं बाहेर गेली, गवत माजलं आणि फुलंच रोडावल्याची ओरड सुरू झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. गुरांनी अहवाल लिहिला नव्हता, एवढंच.

साक्रीच्या बागेच्या फाटकावर नियम असतील: फुलांना हात लावू नये, गवतावर बसू नये, डबा आणू नये. एखादी आजी विचारेल, "मंग मझार जाईसन करानं काय रे भाऊ?"

"सेल्फी काढा ना, माय."