टू-स्ट्रोक पाळावी कशी

घरात धड चालणारी फोर-स्ट्रोक आहे, तिचे हप्ते फिटलेले आहेत, घरच्यांचं मत स्पष्ट शब्दांत कळून चुकलेलं आहे, आणि तरीही ज्याला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची धूर सोडणारी गाडी हवी आहे, अशा होतकरू इच्छुकासाठी या सूचना आहेत. ज्यांना गाडी कामावर वेळेत पोहोचण्यासाठी हवी आहे, त्यांनी इथेच थांबावं.

पात्रता फार लागत नाही. एक पाय शाबूत हवा. आरएक्स घेणार असाल तर उजवा, जावा-येझदी घेणार असाल तर डावा, कारण तिची किक डाव्या बाजूला असते. शेजारी सोशिक असावेत. सोसायटीने पार्किंगमध्ये नव्या फरशा बसवल्या असतील तर गाडीखाली पुठ्ठा टाकण्याची सवय आधीच लावून घ्यावी. आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षातून येणारा ‘मॉडेल कुठलं?’ हा प्रश्न दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करता आला पाहिजे.

पर्याय मुख्यतः तीन. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून जावा बनू लागली, पुढे तीच येझदी झाली आणि १९९६ला कारखाना थंडावला. हिचा किकचा दांडा आणि गियरचा दांडा एकच. किक मारून झाली की दांडा आत दाबून पुढे फिरवायचा, मग तो गियर होतो. त्यामुळे या गाडीला वेगळं कुलूप लावण्याची गरज नाही. चोराला किक सापडून, ती लागून, नंतर गियर कुठे गेला हे कळेपर्यंत गल्ली जागी होते. येझदीवाल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉइंटचं टायमिंग फार पुढे गेलं असेल आणि किक अर्धवट बसली, तर इंजिन उलट्या दिशेने फिरत सुरू होऊ शकतं. आवाज तोच, धूर तोच. पहिला टाकून क्लच सोडला की गाडी मागच्या स्कूटरवर जाते. अशा वेळी घाबरू नये, स्कूटरवाल्याशी वाद घालू नये, चावी बंद करून पुन्हा किक मारावी. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. त्यामुळे कुठल्या दिशेने फिरायचं याबाबत इंजिनाचा स्वतःचा असा आग्रह नसतो.

दुसरी राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०ची ही देशी आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गियर, ताकद ३०.५ बीएचपी. त्याच वर्षी आलेल्या मारुती ८००ला चाळीसच्याही आत होती, आणि तीत चार माणसं दारं लावून बसत. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. म्हणजे पळण्याची सोय जपानी राहिली, थांबण्याची आपण आपली केली. पेट्रोल ती इतकं पिई की नंतर ताकद २७ बीएचपीवर आणलेलं मॉडेल काढावं लागलं. पहिलीला एचटी म्हणतात, दुसरीला एलटी. आज विकायला निघालेली प्रत्येक राजदूत ३५० एचटीच असते. एलटी कुठे गेल्या, असं विक्रेत्याला विचारू नये.

तिसरी यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ हा तिचा काळ. ५० मिलिमीटरचा बोअर, तेवढाच स्ट्रोक, ९८ सीसी, अकरा बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे कागदावर गरीब दिसतात. पण हलक्या अंगामुळे ती दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये जशी सुटते, तशी पुढे दुप्पट सीसीच्या गाड्याही सुटल्या नाहीत, हे आरएक्सवाला तुम्हाला सांगेलच. तिच्यावरून सोनसाखळ्या पळवल्या जात, ही दंतकथा तो अभिमानाने सांगतो. धोनीच्या गॅरेजमध्येही ती आहे, हे तर किंमत सांगताना आवर्जून सांगतो.

गाडी बघायला गेल्यावर इंजिन ऐकू नये. इंजिन ऐकलं की माणसाची अक्कल गहाण पडते. आधी आरसी बुक मागावं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर झाला आहे का ते बघावं, मग गुडघ्यावर बसून हेडखालच्या चेसिस नंबरावर कागद धरावा आणि पेन्सिल घासून ठसा घ्यावा. आकडे एका रांगेत, एका खोलीचे उमटले तर बोलणी पुढे न्यावीत. एखादा आठ बाकीच्यांपेक्षा ताजा दिसत असेल, तर चहा पिऊन निघावं. विक्रेता म्हणेल, ‘दादा, गाडी एकहाती आहे.’ कुणाच्या हाती, ते आरसीवर असतं.

आता मुख्य विषय, म्हणजे मॉडिफिकेशन. गाडी घरी आल्यापासून पंधरवड्याच्या आत काहीतरी बदललं नाही तर मित्रमंडळींत नाव राहत नाही, म्हणून सुरुवात सायलेन्सरपासून करावी. त्याच्या शेपटातली पुंगळी एका स्क्रूवर असते. ती काढली की आवाज थेट चौथ्या गल्लीत पोहोचतो आणि गाडी जोरात पळते आहे असं मालकाला वाटू लागतं. प्रत्यक्षात होतं ते असं. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जाण्याचं भोक उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं थोडं सायलेन्सरमध्ये निसटतं. सायलेन्सरच्या आतला निमुळता आकार दाबाची लाट परत फिरवून ते निसटलेलं पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे हे नळकांडं इंजिनाचाच भाग आहे. त्याचं गणित जपानातल्या माणसांनी कंपासपट्टी घेऊन बसून सोडवलेलं आहे. पुंगळी काढून आपण त्या गणितातली एक ओळ खोडतो. खालचा पिकअप जातो, मिश्रण पातळ होतं, आवाज राहतो. आवाजच हवा होता असं असेल, तर काम फत्ते.

दुसरा टप्पा पोर्टिंग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर ‘पोर्ट घासून देणारा’ हमखास सापडतो. तो ब्लॉक हातात घेतो, एका डोळ्याने आत बघतो, खिळ्याने एक रेघ मारतो आणि ग्राइंडर चालू करतो. एक्झॉस्टचं भोक मिलिमीटरभर वर गेलं की ते लवकर उघडतं आणि गाडीची ताकद वरच्या आरपीएमला सरकते. आता ती ताकद वापरायला तिसऱ्या गियरमध्ये कानठळ्या बसेपर्यंत पिळायला मोकळा रस्ता हवा. असा रस्ता पहाटे साडेचारला मिळतो. दिवसभर मात्र खड्डा, स्पीडब्रेकर, पीएमपीची बस आणि पुन्हा खड्डा असा प्रवास असतो. त्यात लागणारी खालची ताकद तुम्ही भुशाच्या रूपाने त्याच्या बाकड्यावर ठेवून आलेले असता. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, ही बाब पोर्टवाला पैसे घेतल्यावर सांगतो.

तिसरा टप्पा मोठा कार्ब्युरेटर. तो लावला की मायलेज जातं. मायलेज गेलं की मालक मेन जेट बारीक करून मागतो, आणि इथून खरी गंमत सुरू होते. टू-स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं. पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलसोबत येणारं. येझदीत ते टाकीतच मिसळायचं, लिटरला तीस-चाळीस मिलिलिटर. आरएक्सला त्यासाठी वेगळा पंप दिलेला होता, पण ‘पंपाचा भरवसा नाही’ म्हणून तोही बहुतेकांनी काढून ठेवलेला आहे. म्हणजे पेट्रोल वाचवलं की तेलही वाचलं. तेल वाचलं की पिस्टन फुगतो, बोअर त्याला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी बांधलं जातं. म्हणून जाणत्या टू-स्ट्रोकवाल्याची डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. लोकांना ती स्टाइल वाटते.

यानंतरचा संवाद गॅरेजमध्ये होतो. ब्लॉक काढलेला, पिस्टनच्या एका अंगाला उभे चरे, उस्ताद पालथ्या मुठीने घाम पुसत उभे.

‘जेट कुणी बारीक केलं?’

‘तुम्हीच, उस्ताद. मायलेजसाठी.’

‘आणि पोर्ट?’

‘तेही तुम्हीच.’

‘मालक, तुम्ही म्हणालात म्हणून केलं. मी आधीच बोललो होतो.’

ते आधी बोललेले नसतात, पण वाद घालू नये. शहरात आरएक्स कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांतला एक आत्ता तुमचा ब्लॉक हातात धरून उभा आहे. ‘बोअर मारून घेऊ’ म्हणावं. ब्लॉक एकेक पायरीने, पाव-पाव मिलिमीटरने मोठा करता येतो आणि प्रत्येक वेळी वरच्या मापाचा पिस्टन बसतो. अशा चार पायऱ्या असतात, म्हणजे चार वेळा शहाणं होण्याची संधी आहे. पाचव्यांदा नवी स्लीव्ह.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याबद्दल इतकंच सांगता येईल की पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक पाडण्याचे इतर स्वस्त उपायही आहेत.

घाटाविषयी मात्र थट्टा नको. ताम्हिणी किंवा वरंध उतरताना फोर-स्ट्रोकवाला ॲक्सिलरेटर सोडून इंजिनावर गाडी धरतो. टू-स्ट्रोक तशी धरत नाही, उलट मोकळी सुटते. आणि ॲक्सिलरेटर बंद म्हणजे तेलही जवळपास बंद, तर चाकं इंजिनाला गरागरा फिरवतच असतात. उतारावर अधूनमधून क्लच दाबून मूठ पिळावी, दोन घोट आत जाऊ द्यावेत. मागचे लोक शायनिंग समजतील, समजू द्यावं. ब्रेक मात्र ड्रमचे आहेत, तेव्हा पुढच्या एसटीपासून अंतर ठेवावं.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसतं आणि जुन्या रबरी नळ्यांना खातं. त्याच्यावर इंजिन थोडं पातळ मिश्रणावर चालतं, म्हणून जेट एखादा नंबर मोठा घालावा लागतो. पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरचं बाऊलही. जेट बरोबर आहे की नाही ते प्लग सांगतो. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पिळून, क्लच दाबून, चावी बंद करावी आणि कडेला उभं राहून प्लग खोलावा. तपकिरी असेल तर घरी जावं. काळा, ओला असेल तर तेल-पेट्रोल जास्त आहे. पांढराफटक असेल तर गाडी ढकलत न्यावी, ते स्वस्त पडतं.

कायद्याचं म्हणाल, तर सरकारने टू-स्ट्रोकवाल्यांवर तसा अन्याय केलेला नाही. मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसीत हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम दिलेली आहे. इतक्या उदारपणे न जळलेलं पेट्रोल हवेत सोडण्याची परवानगी आज कुणाला मिळत नाही. मॉडिफिकेशनवर मात्र मेहेरनजर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू नयेत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी भर चौकात रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतीलच. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण अट अशी की तिच्यात मोठे बदल झालेले नसावेत, आणि ती रोज रस्त्यावर काढायची नाही. पहिल्या आरएक्सला ती नोंदणी २०३५मध्ये खुली होईल. तोवर किती आरएक्स पात्र उरतील, हे ग्राइंडरवाल्यांना विचारावं.

गाडी मूळ रूपात आणणं हा अखेरचा टप्पा, आणि तो सगळ्यात महाग. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मूळ हँडल, मूळ इंडिकेटर, मूळ कार्ब्युरेटर रद्दीच्या भावात दिले, तीच मंडळी आज रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवी बसून तेच भाग शोधत असतात. विकणारा भाग उचलून दाखवतो, फुंकर मारतो आणि एकच शब्द उच्चारतो, ‘जपान.’ सुरुवातीच्या आरएक्स जपानहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून बनल्या होत्या, त्यामुळे या शब्दाला बाजारात वजन आहे. भाव दुप्पट होतो. घासाघीस करून पाहावी, उपयोग होत नाही. संपूर्ण मूळ रूपातली, कुणी हात न लावलेली आरएक्स आज सगळ्यात जास्त किमतीला जाते. तिच्या मालकाने तीस वर्षांत तेल, प्लग आणि ब्रेकशू यांपलीकडे काहीही केलेलं नसतं, आणि आमच्या मते त्याच्याइतका टू-स्ट्रोकचा जाणकार दुसरा नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. आरएक्स १००चा मूळ सायलेन्सर, आतल्या पुंगळीसह, कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कृपया कळवावं. थोडा गंजलेला चालेल. भावाचं आपण बसून बोलू.