राक्षसाचं बारसं

आमच्या घरात कुणालाही नाव हवं असलं की सगळे माझ्याकडे येतात, असा माझा समज आहे. प्रत्यक्षात ते गुरुजींकडे आणि मोबाइलकडे जातात. पण बाळाच्या कानात नाव सांगायला आणि मागून पाठीत धपाटे खायला शेवटी आत्याच लागते, आणि ती मी. त्यामुळे व्हिडिओ गेम बनवणारा भाचा "आत्या, एका राक्षसाला नाव सुचव ना" म्हणाला, तेव्हा मला एकच प्रश्न पडला : हा इतके दिवस थांबला कशाला?

राक्षस विहिरीतला. खेळणारा शेवटच्या लेव्हलला पडक्या वाड्यामागे पोचला, की हा पाण्यातून लांबलचक हात काढून त्याला आत ओढतो. मी लगोलग यादी पाठवली : जलदंष्ट्र, कूपकेसरी, तमिस्रासुर. पाठवण्याआधी तिन्ही नावं मोठ्यांदा म्हणून पाहिली आणि माझी मीच दचकले. भाचा दचकला नाही. कूपकेसरी हा तालुका पातळीवरचा कुस्तीचा किताब वाटतो म्हणाला, आणि तमिस्रासुर रोज जेवणानंतर दोन चमचे, कोमट पाण्यातून.

पुराणातले तयार राक्षस घ्यावेत, तर त्यांची आपण पार रया घालवली आहे. बकासुर लग्नाच्या पंगतीत बसतो, कुंभकर्ण दर रविवारी आमच्याच घरी घोरत असतो, आणि भस्मासुर वर्तमानपत्रात लोकसंख्येपासून प्लॅस्टिकपर्यंत मिळेल ती नोकरी करतो. एक रक्तबीज तेवढा कामाचा. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की दुसरा रक्तबीज हजर! ही कल्पना कॉम्प्युटर नसताना कुणाला तरी सुचली, याचं भाच्यालाही कौतुक वाटलं. पण नाव पडद्यावर टाकलं आणि 'क्त' फुटला. 'रक्' एकीकडे, 'तबीज' दुसरीकडे.

झालं असं, की तो ज्या साधनावर खेळ बनवतो त्याला देवनागरी अक्षरं येतात, पण ती जोडता येत नाहीत. जोडाक्षराचा पाय मोडतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर उगवते. 'हिडिंब' ओळखू येत नाही. 'ब्रह्मराक्षस' तर ठिकठिकाणी लंगडतो. यावर उपाय आहे, पण त्याची खटपट ज्याची त्याने करायची, फावल्या वेळात. इथे मात्र मी खरोखर चिडले. राक्षसाच्या पाठीवरचा प्रत्येक खवला वेगळा चमकवणाऱ्या यंत्राला कोट्यवधी माणसांची वेलांटी जागेवर ठेवता येऊ नये?

तेव्हा अट ठरली : जोडाक्षर नको, ऱ्हस्व वेलांटी नको.

भाच्याने मला धीर देण्यासाठी थोरांचे दाखले दिले. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला तो दांडगा कासवराक्षस बाहेर बाउझर म्हणून ओळखला जातो, पण जपानात तो कुप्पा. खेळाचे जनक शिगेरू मियामोतो यांनी हे नाव एका कोरियन पदार्थावरून घेतलं, सूपभातावरून. मी तत्काळ 'पिठलं' सुचवलं. मग १९८० च्या 'पॅक-मॅन'मधली भुतं निघाली : ब्लिंकी, पिंकी, इंकी आणि चौथा क्लाइड. हा क्लाइड अंगावर चालून येतो आणि जवळ पोचला की आपल्या कोपऱ्याकडे वळतो. मला तो लगेच आवडला. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी त्याला अनेकदा पाहिलं आहे.

पण राक्षस हा आपला प्रांतच नव्हे. आपला प्रांत भुतं. मराठी भुतांइतकं शिस्तशीर खातं सरकारातही नसेल. सगळ्यांच्या वर वेताळ. कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत, म्हणजे बढती मिळून तो थेट देवांच्या श्रेणीत गेलेला. मुंजाची नेमणूक पिंपळावर, बदली नाही. देवचाराकडे गावाची राखण, कायमची रात्रपाळी. समंध पुरलेल्या धनावर, म्हणजे लेखा विभागात. खवीस आणि झोटिंग वसुलीवर. चकव्याचे अधिकार सगळ्यांत मर्यादित : माणसाला रात्रभर त्याच त्या बांधावरून फिरवायचं आणि उजाडलं की सोडून द्यायचं; मारणं किंवा झपाटणं त्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यासाठी हडळीच्या खिडकीवर जावं. पाणवठ्याचं सगळं काम गिऱ्हाकडे. हे मी भाच्याला फोनवर सविस्तर सांगितलं. मधे त्याने जेवून घेतलं असावं.

सांगता सांगता मीच अडखळले, कारण या खात्यातली भरती कशी होते ते आठवलं. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाच्या आत गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा म्हणजे कुणीतरी बुडालेला. ज्यांना वाचवता आलं नाही, त्यांनाच आपण भ्यायला लागलो. बाळंतिणीला वेळेवर मदत मिळाली नाही, त्यात चूक इतरांची. उलटे पाय मात्र तिचे.

मी विचारलं, "हा विहिरीत पडायच्या आधी कोण होता रे?"

"आत्या, त्याला आधी वगैरे नाही. त्याला हेल्थबार आहे."

आणि नाव सापडलं. मधू. विष्णूने मधु आणि कैटभ हे दैत्य मारले, म्हणून तो मधुसूदन. आपण मुलाचं नाव कौतुकाने मधुसूदन ठेवतो आणि जन्मभर त्याला मधू म्हणतो. म्हणजे मारणाऱ्याचं नाव पत्रिकेत, मेलेल्याचं तोंडात. दोन अक्षरं, मोडायला काही नाही, पुराणाचा आधार, शिवाय ओसरीवरून हाक मारता येते.

"मधूला कोण घाबरणार?" भाचा म्हणाला.

"तात्या विंचूला कोण घाबरणार होतं?" त्या बाहुल्याचा 'झपाटलेला' सिनेमा १९९३ सालचा, तो टीव्हीवर लागल्यावर बहिणीची बाहुली कपाटात कोंडून झोपणारा मुलगा कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नाव मंजूर झालं.

मी आणखी एक मागणी रेटली. लढाई ऐन भरात असताना वाड्यातून हाक येते : "मधू, दिवेलागण झाली, घरी चल." हात क्षणभर थांबतो. तेवढ्यात वार करायचा की नाही, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. हाकेचा आवाज अर्थात माझाच.

शेवटी श्रेयनामावली. माझ्या नावात एक जोडाक्षर आहे आणि एक ऱ्हस्व वेलांटीही. नुसतं 'आत्या' लिही म्हटलं, तर 'त्या' मोडला. मग त्याने विदर्भातली 'आते' आणली आणि ओळ टाकली : 'नामकरण : मधूची आते'. म्हणजे अधिकृतरीत्या मी आता राक्षसाची आत्या. माझी काही हरकत नाही. बारशाला आत्याला साडी द्यावी लागते, एवढं मात्र मी राक्षसाच्या वडिलांना कळवून ठेवलं आहे.